बार्डीन यांचा पहिला विद्यार्थी

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला अर्धवाहक उपकरणे शिकणाऱ्यांच्या हाती आजही बेन स्ट्रीटमन यांचे ‘सॉलिड स्टेट इलेक्ट्रॉनिक डिव्हायसेस’ पडते. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात त्याच्या जुन्या, पेन्सिलीने रेघोट्या मारलेल्या प्रती मिळतात. १९७२ साली पहिल्यांदा निघालेले हे पुस्तक ज्या ग्रंथमालेत आले, तिच्या संपादकाचे नाव सुरुवातीच्या पानांत छापलेले असते: निक होलोन्याक ज्युनियर. ते पान परीक्षेला येत नाही, त्यामुळे कोणी वाचत नाही. आपल्याकडच्या हजारो अभियंत्यांनी हे नाव पाहिले आहे आणि जवळजवळ कोणालाच ते आठवत नाही. त्या संपादकाचे चरित्र आता मराठीत येत आहे, आणि त्याला चार शब्द जोडण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

होलोन्याक यांचा नेहमीचा परिचय ‘एलईडीचे जनक’ असा करून दिला जातो. हा परिचय मला अपुरा वाटतो आणि थोडा चुकीचाही. अर्धवाहकातून वीज जाताना उजेड पडतो हे १९०७ मध्ये इंग्लंडच्या हेन्री राऊंड यांनी कार्बोरंडमच्या खड्यावर पाहून नोंदवले होते. १९२० च्या दशकात रशियात ओलेग लोसेव्ह या स्वयंशिक्षित तंत्रज्ञाने त्याच प्रकाशावर चिकाटीने निबंध लिहिले. १९४२ मध्ये लेनिनग्राडच्या वेढ्यात त्याचा अंत झाला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये बायर्ड आणि पिटमन यांनी १९६१ मध्ये डोळ्यांना न दिसणारा, अवरक्त प्रकाश देणारा डायोड बनवला होता. होलोन्याक यांनी १९६२ मध्ये केले ते असे: दोन पदार्थांचे मिश्र स्फटिक स्वतः वाढवले आणि त्यातून डोळ्यांना दिसणारा, उपयोगी पडेल असा लाल प्रकाश काढला, एलईडीचाही आणि लेझरचाही. ही कामगिरी मोठीच आहे. पण त्यानंतर वर्षभरात ते कंपनी सोडून विद्यापीठात शिकवायला गेले आणि पुढची पन्नास वर्षे तिथेच राहिले. लाल ठिणगीचा दिवा व्हायला जे जे लागले, त्यातला मोठा भाग त्यांच्या विद्यार्थ्यांच्या हातून झाला. जनकत्वाच्या वादापेक्षा ही गोष्ट मला जास्त सांगण्यासारखी वाटते, आणि या चरित्राचा भर तिच्यावर आहे म्हणून मी ही प्रस्तावना लिहायला होकार दिला.

त्यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ चा, दक्षिण इलिनॉयमधल्या झीग्लर या कोळशाच्या खाणींच्या गावातला. आईवडील कार्पेथियन डोंगरांतून आलेले रुसिन, वडील खाणकामगार. शाळेचे तोंड पाहणारी त्या घरातली ही पहिली पिढी. तरुणपणी निक इलिनॉय सेंट्रल रेल्वेवर मजुरीला जात. एकदा सलग ३० तासांची पाळी झाली आणि असे आयुष्य आपल्याला काढायचे नाही हे त्यांना उमगले, असे ते सांगत. गरिबीतून वर आलेल्यांच्या चरित्रांत अशा प्रसंगांना फार रंग चढवला जातो. इथे तसे झालेले नाही, याबद्दल चरित्रकाराचे आभार. रेल्वेचा प्रसंग एका परिच्छेदात संपतो आणि आपण अर्बानाला पोहोचतो.

इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन आवारात १९५१ साली जॉन बार्डीन आले. ट्रान्झिस्टरच्या तीन शोधकर्त्यांपैकी ते एक. बेल लॅब्जमध्ये विल्यम शॉकली यांच्याशी न पटल्याने ते बाहेर पडले होते. त्यांची नेमणूक विद्युत अभियांत्रिकी आणि भौतिकशास्त्र अशी दोन्ही विभागांत मिळून होती. बार्डीन हे सैद्धान्तिक भौतिकशास्त्रज्ञ. पण अभियांत्रिकी विभागात त्यांनी अर्धवाहकांची प्रयोगशाळा उभी केली, आणि तिथे त्यांच्या हाताखाली पीएचडी करणारा पहिला विद्यार्थी म्हणजे होलोन्याक. त्या वेळी निर्वात नळ्यांवर काम करणारा हा मुलगा तिथली वाट सोडून जर्मेनियमच्या तुकड्यांकडे वळला. त्या काळी ट्रान्झिस्टर हे भरवशाचे करिअर नव्हते. नळ्यांचे कारखाने जोरात होते आणि नोकऱ्या तिथेच होत्या.

बार्डीन फार कमी बोलत, वर्गात तर पुटपुटत, हे त्यांच्या सगळ्याच चरित्रांत येते. अशा माणसाकडून काय शिकायचे? होलोन्याक यांनी आयुष्यभर दिलेल्या मुलाखतींत बार्डीन यांचे नाव आल्याखेरीज राहत नाही. बार्डीन यांच्यापासून त्यांनी उचलली ती एक सवय: मोजलेली गोष्ट सिद्धान्ताशी जुळली नाही तर आधी मोजमापाकडे नीट पाहायचे, घाईने ते फेकून द्यायचे नाही. तिची फळे पुढे तीन-चार ठिकाणी दिसतील.

१९५४ मध्ये पीएचडी झाल्यावर ते बेल लॅब्जमध्ये गेले. जॉन मोल यांच्या गटात सिलिकॉनचे चार थरांचे स्विच बनवले. मग सक्तीची लष्करी सेवा आली. सिग्नल कोअरमधला त्यांचा काही काळ जपानात गेला. १९५७ मध्ये परत आल्यावर न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज इथे जनरल इलेक्ट्रिकमध्ये. ही वर्षे चरित्रात झरझर जातात, पण आपल्या वाचकांनी एका कामाशी थांबावे. एमिटरचा काही भाग मुद्दाम शॉर्ट करून चार थरांचा स्विच भरवशाचा करायची युक्ती, आणि दोन्ही दिशांनी चालणारा स्विच, ही होलोन्याक आणि त्यांचे सहकारी अल्ड्रिच यांची १९५० च्या दशकाच्या अखेरची कामे. त्याच घराण्यातून जनरल इलेक्ट्रिकमध्ये पुढे ट्रायॅक आला. आपल्या घरातल्या पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्ये जो बसलेला असतो तोच. खोलीतल्या दिव्याआधी होलोन्याक पंख्यात पोहोचले होते, असे म्हणता येईल.

आता १९६२. या वर्षावर चरित्रात सर्वांत जास्त पाने आहेत आणि ती लागतातच.

अर्धवाहकात इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापट्ट्यातून खालच्या पट्ट्यात उतरतो तेव्हा मधल्या दरीएवढी ऊर्जा बाहेर पडते. ती प्रकाशाच्या रूपाने पडली तर त्या प्रकाशाचा रंग दरीच्या रुंदीवर ठरतो. गॅलियम आर्सेनाइडची दरी १.४२ इलेक्ट्रॉन-व्होल्टची, म्हणून त्याचा प्रकाश ८७० नॅनोमीटरच्या आसपास पडतो, डोळ्यांना न दिसणारा. गॅलियम फॉस्फाइडची दरी २.२६ ची, म्हणजे हिरव्याच्या जवळची. पण तिथे इलेक्ट्रॉनला खाली उतरताना संवेगही बदलावा लागतो आणि बरीचशी ऊर्जा प्रकाश न होता उष्णतेत जाते. होलोन्याक यांचा विचार सरळ होता. दोन्ही मिसळावेत. आर्सेनिकच्या जागी थोडा थोडा फॉस्फरस घालत गेले की दरी रुंदावत जाईल, आणि फॉस्फाइडचे प्रमाण साधारण ४५ टक्क्यांच्या खाली ठेवले तर प्रकाश देण्याचा गुणही टिकेल. मधे कुठेतरी लाल सापडेल.

कागदावर हे सोपे दिसते. त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांना ते पटत नव्हते. असे मिश्र स्फटिक एकसारखे वाढणारच नाही, त्यात जागोजाग दोष राहतील आणि डायोड चालणार नाही, असा त्यांचा होरा होता. आपण रसायनशास्त्रज्ञ असतो तर हे होणार नाही हे आपल्याला आधीच कळले असते, असा चिमटा होलोन्याक नंतर काढत. खरी गोष्ट अशी की ते हे स्फटिक १९६० पासून वाढवत होते, आणि तेही प्रकाशासाठी नव्हे. जपानच्या लिओ एसाकी यांनी टनेल डायोड शोधला होता आणि जनरल इलेक्ट्रिकला अधिक रुंद दरीच्या पदार्थांतला टनेल डायोड हवा होता. त्यासाठी बंद क्वार्ट्झच्या नळीत, हॅलोजनच्या मदतीने, बाष्पातून स्फटिक उतरवण्याची रीत होलोन्याक यांनी बसवली. इतर प्रयोगशाळा गॅलियम आर्सेनाइडचे तयार तुकडे विकत घेऊन काम करत होत्या. होलोन्याक आपला माल स्वतः पिकवत होते.

जुलै १९६२ मध्ये न्यू हॅम्पशरमधल्या डरहॅम इथे झालेल्या परिषदेत एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीतल्या कीज आणि क्विस्ट यांनी गॅलियम आर्सेनाइडच्या डायोडमधून विजेचा फार मोठा हिस्सा अवरक्त प्रकाश होऊन बाहेर पडतो असे सांगितले. तिथून शर्यत लागली. स्केनेक्टडीच्या जनरल इलेक्ट्रिक प्रयोगशाळेतले रॉबर्ट हॉल यांनी परतीच्या आगगाडीतच आकडेमोड सुरू केली. लेझर व्हायचा तर प्रकाश दोन समांतर आरशांमध्ये मागे-पुढे फिरला पाहिजे. हॉल यांनी डायोडच्या कडा घासून चकचकीत केल्या आणि सप्टेंबरच्या मध्यावर अवरक्त लेझर चालू केला. होलोन्याक यांनी कडा घासण्याऐवजी स्फटिक त्याच्या नैसर्गिक भंगरेषेवर फोडून आरसे मिळवायचे ठरवले होते. कल्पना अचूक होती. अर्धवाहक लेझरच्या कारखान्यांत पुढे हीच रीत रुळली. पण त्या घटकेला ती जमेना आणि दिवस चालले होते. वरिष्ठांनी सांगितले, घासून घ्या. त्यांनी घासून घेतले. ९ ऑक्टोबर १९६२ या दिवशी द्रव नायट्रोजनच्या थंडाव्यात त्यांचा डायोड लाल लेझर म्हणून चालला. कमी प्रवाहात तोच डायोड एलईडी होता. बेव्हाक्वा या सहकाऱ्यासोबतचा निबंध १ डिसेंबरच्या ‘अप्लाइड फिजिक्स लेटर्स’मध्ये आला. हॉल, आयबीएम, लिंकन लॅब, सगळ्यांचे लेझर उपकरणांनी पाहावे लागत. हा डोळ्यांना दिसत होता, म्हणून जनरल इलेक्ट्रिकमधले सहकारी त्याला जादूचा डायोड म्हणत.

पुढच्या फेब्रुवारीत ‘रीडर्स डायजेस्ट’मध्ये होलोन्याक यांचे भाकीत छापून आले: तारेचा दिवा एक दिवस जाईल आणि त्याच्या जागी अर्धवाहक दिवा येईल. तेव्हा जनरल इलेक्ट्रिकचा लाल डायोड २६० डॉलरला एक मिळत होता आणि त्याच्या उजेडात पुस्तकाचे नावही वाचता आले नसते. भारत सरकारच्या उजाला योजनेत २०१४ मध्ये ३१० रुपयांना घाऊक खरेदी झालेला एलईडी बल्ब २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. या दोन आकड्यांमध्ये अर्धशतक आहे, आणि त्यातला बराचसा रस्ता अर्बानाहून जातो.

१९६३ मध्ये बार्डीन यांनी बोलावले आणि होलोन्याक गेले. हा निर्णय आज आपल्याला वाटतो तितका साधा नव्हता. कंपनीत त्यांचे नाव झाले होते, साधने होती, पुढची बढती दिसत होती. विद्यापीठात भट्टीपासून पंपापर्यंत सगळे नव्याने जमवायचे होते. त्यांनी ते का केले याची कारणे चरित्रकाराने तपशिलाने मांडली आहेत. माझा तर्क एवढाच की लाल डायोड हे एका माणसाच्या आवाक्यातले काम उरलेले नाही हे त्यांनी ओळखले असावे. पदार्थ सुधारायचा, रंग वाढवायचे, थर पातळ करायचे, तर पुढची वीस-तीस वर्षे काम करणारी माणसे घडवावी लागतील. माणसे घडवण्याची जागा विद्यापीठ.

त्यांची भरती करण्याची रीत तर पाहा. भौतिकशास्त्र विभागात जॉर्ज क्रॅफर्ड नावाचा आयोवाच्या शेतकरी कुटुंबातला एक विद्यार्थी दुसऱ्याच विषयावर काम करत होता. होलोन्याक यांनी द्रव नायट्रोजनच्या फ्लास्कमध्ये एक इवलासा एलईडी सोडला आणि वीज दिली. सगळा फ्लास्क लालबुंद झाला. क्रॅफर्ड यांनी विषय बदलला. १९६७ मध्ये पीएचडी घेऊन ते मोन्सॅन्टोत गेले, जिथे लाल एलईडीचे मोठ्या प्रमाणावरचे उत्पादन नुकतेच उभे राहत होते. गॅलियम आर्सेनाइड फॉस्फाइडमध्ये नायट्रोजन मिसळून त्यांनी १९७२ मध्ये पिवळा एलईडी बनवला आणि लाल अनेक पटींनी तेजस्वी केला. त्याच वर्षी हातात मावणारा एचपी-३५ कॅल्क्युलेटर बाजारात आला, त्याचे लाल आकडे याच पदार्थाचे. क्रॅफर्ड पुढे ह्यूलेट-पॅकार्डमध्ये गेले. १९९० च्या दशकात तिथे सिग्नलच्या आणि मोटारींच्या मागच्या दिव्यांत बसतील इतके प्रखर लाल-पिवळे एलईडी तयार झाले, आणि त्या कामातले एक ठळक नाव होते फ्रेड किश. किशदेखील होलोन्याक यांचेच विद्यार्थी.

रसेल डुपुई यांनी १९७३ मध्ये अर्बानाहून पीएचडी घेतली. धातू-सेंद्रिय संयुगांच्या बाष्पातून अणूंच्या थरावर थर चढवण्याची रीत तेव्हा प्रयोगशाळेतली हौस समजली जाई. त्यातून चांगल्या प्रतीचा लेझर निघेल यावर फार थोड्यांचा विश्वास होता. रॉकवेल इंटरनॅशनलमध्ये डुपुई आणि होलोन्याक यांचेच आणखी एक विद्यार्थी डॅनियल डॅपकस यांनी १९७७ मध्ये ते करून दाखवले. मग गुरु-शिष्यांनी मिळून क्वांटम वेल लेझर केले: प्रकाश देणारा थर इतका पातळ, काही नॅनोमीटरांचा, की इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेचे टप्पे थराच्या जाडीवर ठरतात. रंग बदलायचा तर आता पदार्थाबरोबर जाडीही बदलता येऊ लागली. सीडी प्लेअरपासून समुद्राखालच्या तारांपर्यंतचे लेझर या घडणीचे आहेत. एलईडीचे कारखानेही जगभर डुपुई यांच्या रीतीच्या सुधारलेल्या यंत्रांवर चालतात, निळ्या एलईडीचेसुद्धा. हा तपशील लक्षात असू द्या, पुढे तो पुन्हा लागेल.

फोटॉनिक्सचे शिक्षण म्हणजे काय, यावर मोठमोठे अहवाल लिहिले जातात. होलोन्याक यांचा अभ्यासक्रम त्यापेक्षा आखूड होता: स्फटिक स्वतः वाढवा, डायोड स्वतः बनवा, स्वतः मोजा, मग लिहा. त्यांनी पाठ्यपुस्तकेही लिहिली. वुल्फ आणि स्टिलमन यांच्यासोबतचे अर्धवाहकांच्या भौतिक गुणधर्मांवरचे जाडजूड पुस्तक १९८९ चे आहे. स्ट्रीटमन हे तर त्यांचे अर्बानातले सहकारी. उत्तम शिकवणाऱ्या त्या तरुण प्राध्यापकाचे पुस्तक मालेत आणून त्यांनी आपल्या प्रयोगशाळेच्या भिंतीपलीकडच्या विद्यार्थ्यांचीही सोय केली. तरी त्यांचे खरे शिकवणे फळ्यावर नव्हते, भट्टीपाशी होते. साठेक जणांनी त्यांच्याकडे पीएचडी केली.

इथे आपल्याकडची आठवण होणे अटळ आहे. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रॅक्टिकलचे जर्नल सबमिशनच्या आठवड्यात मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवले जाते, रीडिंगसकट. डायोडचा आलेख आधी ठरलेला असतो, बिंदू नंतर बसवले जातात. मी अशी कित्येक जर्नले सही करून परत केली आहेत, कारण व्हायवाला वेळ नसतो आणि बाहेर पुढची बॅच उभी असते. चुकीचे रीडिंग हा आपल्याकडे गुण कापायचा मुद्दा आहे. होलोन्याक यांच्या प्रयोगशाळेतला सर्वांत फलदायी शोध मात्र खराब झालेल्या नमुन्यांतून निघाला, आणि त्याची हकिकत या चरित्रातले सर्वोत्तम प्रकरण आहे.

ॲल्युमिनियम मिसळलेल्या गॅलियम आर्सेनाइडचे एक दुखणे सगळ्यांना ठाऊक होते. हवेतल्या ओलाव्याने ते गंजते. ज्या थरांत ॲल्युमिनियम जास्त, ते थर लवकर नासतात. बहुतेक ठिकाणी असे नमुने कचऱ्यात जातात. अर्बानात ते वर्षानुवर्षे कपाटात पडून होते. १९९० च्या सुमारास जॉन डॅलेसास या विद्यार्थ्याने होलोन्याक यांच्याबरोबर त्या नमुन्यांकडे पुन्हा पाहिले: कोणता थर किती नासला आणि कसा? गंज लागणे हेच जर मुद्दाम, वेगाने, तापवून केले तर? ४०० अंश सेल्सियसच्या आसपास पाण्याच्या वाफेत ठेवल्यावर तोच थर भुसभुशीत न होता टणक, स्वच्छ, वीज न वाहणारा ऑक्साइड झाला. सिलिकॉनच्या यशामागे त्याच्या स्वतःच्या ऑक्साइडचा मोठा हात आहे. गॅलियम आर्सेनाइडच्या घराण्याला असा ऑक्साइड नाही म्हणून तीस वर्षे रडगाणे चालू होते. तो सापडला. होलोन्याक यांचेच विद्यार्थी डेनिस डेप्पी यांनी काही वर्षांनी टेक्सासात तो ऑक्साइड वापरून पृष्ठभागातून वर प्रकाश फेकणारे लेझर बनवले. ऑक्साइडचे कडे विजेला मधल्या छिद्रातूनच जायला लावते, त्यामुळे लेझर अगदी कमी प्रवाहात पेटतो. डेटा सेंटरमधल्या सर्व्हरांना जोडणाऱ्या काचतंतूंच्या टोकांना, आणि चेहरा ओळखून उघडणाऱ्या फोनमध्ये, आज हे लेझर असतात.

होलोन्याक यांच्या स्वभावाबद्दलही चरित्रात पुष्कळ मजकूर आहे. रोज मैल दोन मैल धावणे, लोकांना चकित करायला हातांवर चालून दाखवणे, वगैरे. मला त्याहून रस वाटला तो झोरेस अल्फेरॉव यांच्या स्नेहात. शीतयुद्धाच्या ऐन भरात, १९७०-७१ मध्ये, लेनिनग्राडचे अल्फेरॉव सहा महिने होलोन्याक यांच्या प्रयोगशाळेत येऊन राहिले. दोघांचा विषय एक होता आणि दोघांचे देश एकमेकांवर क्षेपणास्त्रे रोखून होते. अल्फेरॉव यांना २००० मध्ये नोबेल मिळाले. त्याच वर्षीचे आणखी एक मानकरी जॅक किल्बी यांनी पदवी इलिनॉयचीच घेतली होती.

नोबेलचा विषय टाळून चालणार नाही, कारण वाचक तो शोधणारच. २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना मिळाले. होलोन्याक तेव्हा ८५ वर्षांचे होते आणि त्यांनी आपली नाराजी पत्रकारांपाशी लपवली नाही. पुष्कळांना ते खटकले. मला खटकले नाही. निवड समितीच्या बाजूनेही बोलता येते. पांढरा दिवा निळ्याशिवाय झाला नसता, आणि गॅलियम नायट्राइडवरची त्या तिघांची तपश्चर्या तितकीच खडतर होती. पण ती निळी ठिणगी ज्या यंत्रात वाढली त्याची रीत व्यवहारात आणून दाखवणारा माणूस अर्बानाचा होता. मिश्र स्फटिकातून दिवा होऊ शकतो हा विश्वासही तिथलाच. २०२१ चा क्वीन एलिझाबेथ अभियांत्रिकी पुरस्कार अकासाकी, नाकामुरा, होलोन्याक, क्रॅफर्ड आणि डुपुई या पाच जणांना मिळून दिला गेला. पाचांपैकी तिघे एका प्रयोगशाळेतले, एक गुरू आणि दोन शिष्य. नोबेलच्या यादीपेक्षा ही यादी मला इतिहासाच्या अधिक जवळची वाटते. बाकी सन्मानांची रांग मोठी आहे: अमेरिकेची विज्ञान आणि तंत्रज्ञान ही दोन्ही राष्ट्रीय पदके, जपान प्राइज, आयईईईचे मेडल ऑफ ऑनर. चरित्राच्या शेवटी ती तारखांसह आहे, मी ती इथे उतरवत नाही.

१८ सप्टेंबर २०२२ रोजी अर्बानात त्यांचे निधन झाले, वयाच्या ९३ व्या वर्षी. २०१३ पर्यंत ते नोकरीत होते, आणि त्यांच्या अध्यासनाला बार्डीन यांचे नाव होते.

त्यांच्या उत्तरायुष्यातले एक काम अजून तडीस गेलेले नाही. ट्रान्झिस्टरच्या मधल्या भागात, बेसमध्ये, काही इलेक्ट्रॉन वाटेतच विरून जातात. बार्डीन आणि ब्रॅटन यांच्या १९४७ च्या ट्रान्झिस्टरपासून अभियंते हा तोटा समजत आले आणि तो कमी करत आले. २००४ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत, होलोन्याक आणि त्यांचे सहकारी मिल्टन फेंग यांनी विचारले की ते इलेक्ट्रॉन विरताना प्रकाश देतात का. देतात. बेसमध्ये क्वांटम वेल बसवून त्यांनी त्याच वर्षी ट्रान्झिस्टरचा लेझर केला आणि पुढच्या वर्षी तो खोलीच्या तापमानाला चालवून दाखवला. एका टोकाला वीज आत, दुसऱ्या टोकाला वीज बाहेर, तिसऱ्या टोकाला प्रकाश. अशा उपकरणाला प्रवाहाच्या बेरजेचा किरचॉफचा नियम एकटा पुरत नाही, ऊर्जेचा हिशेबही सोबत मांडावा लागतो, असे त्या दोघांनी नंतर लिहिले. नेटवर्क थिअरी शिकवणाऱ्यांनी तो भाग जरूर वाचावा. ट्रान्झिस्टर लेझर आपल्या वापरातल्या यंत्रांत आलेला नाही. संगणकांच्या चिपांमध्ये विजेऐवजी प्रकाशाने संदेश धाडायचे झाले तर त्याचा उपयोग होईल, अशी त्याच्या बाजूच्यांची भूमिका आहे. विरोधकांचे म्हणणे असे की सिलिकॉनवर प्रकाश आणण्याचे इतर मार्ग पुढे निघून गेले. चरित्रकाराने दोन्ही बाजू दिल्या आहेत, निकाल दिलेला नाही, आणि ते प्रकरण पुस्तकात सर्वांत छोटे ठेवले आहे. एवढ्यात ते याहून मोठे होण्यासारखे नव्हतेच.